आधी पलंग दाखवा

आमच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक पाच मिनिटांत आडवं होतं. डॉक्टरकडेही माणूस आडवा होतो, पण तिथे घाबरून, आमच्याकडे लाजून. भर बाजारात, रस्त्यावरून येणारे-जाणारे बघत असताना गादीवर पडायचं म्हटलं की भल्याभल्यांचे कान लाल होतात. "नको वहिनी, हातानं दाबून बघतो ना," म्हणतात आणि पीठ मळल्यासारखे दोन्ही मुठींनी गादी दाबत बसतात. मी विचारते, "झोपताना मुठी टेकता की पाठ?" मग निमूटपणे चपला काढतात.

शहापूरच्या बाजारात आमचं गाद्यांचं दुकान आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे कापूस पिंजायचे, यजमान खोळी शिवायचे, आणि दुकानात डोकावलेला माणूस पांढऱ्या मिशा-भुवया घेऊनच बाहेर पडायचा. पुढे काथ्याच्या गाद्या आल्या, मग फोम, मग स्प्रिंग. आता दुकान मुलगा बघतो. माझे गुडघे टेम्पोत चढायला नको म्हणतात, म्हणून मी दुपारची जाऊन नुसती बसते आणि त्याच्या कामात तोंड घालते. तो म्हणतो, "आई, तू एकदा हे सगळं लिहून काढ, म्हणजे मला ऐकावं लागणार नाही." दिवाळी अंकवाल्यांनी विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं ते त्याच्यावर सूड म्हणून.

धंद्यात माझं काम एकच होतं. गादी देण्याआधी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन पलंग बघायचा. लोकांच्या झोपायच्या खोलीत परका पुरुष आलेला चालत नाही, बाई चालते. त्यामुळे यजमान टेम्पो चालवणार आणि बाहेर ओट्यावर गप्पा मारत बसणार, मी टेप घेऊन आत जाणार, अशी आमची वाटणी होती. शहापूर-मुरबाडकडची कितीतरी घरं मी अगदी आतून बघितली आहेत. कोणाची पाठ कशाने दुखते, कोण कोणाकडे पाठ करून झोपतं, हे मला त्यांच्या सख्ख्या बहिणींपेक्षा जास्त ठाऊक आहे. ते सगळं पोटात ठेवलंय.

गिऱ्हाईक आलं की माझं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी पलंग दाखवा." लोक वैतागायचे. "अहो, गादी न्यायला आलोय, मुलगी बघायला थोडीच?" मी म्हणायची, मुलगी बघताना तरी घर बघतात की नाही? अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, ते खरंच. पण पलंग पाहून अंथरूण घ्यावं हे कोणी सांगत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं गादी म्हणजे सगळं. तसं नाही. गादी ही अर्धीच वस्तू आहे, उरलेली अर्धी तिच्या खाली असते. पलंगाला आडव्या पट्ट्या असतील आणि त्यांच्यात हात जाईल एवढं अंतर असेल, तर काथ्याची गादी त्या फटींत बसत जाते आणि एक दिवस मधोमध मोडते. सपाट फळी असेल तर काथ्या छान राहतो, पण फोमला खालून वारा मिळत नाही, तो घाम धरतो. स्प्रिंगची गादी ताठ बैठक मागते. कापसाची गादी गरीब, ती जमिनीवरही सुखाने नांदते, फक्त तिला ऊन दाखवावं लागतं. एवढंच आमचं शास्त्र, पण ते न जुमानणारी माणसं मी आयुष्यभर बघितली.

मुरबाडच्या बाजूला एक निवृत्त कंडक्टर होते. मुलीने हौसेने बाहेरून भारी स्प्रिंगची गादी घेतली आणि ह्यांनी ती घातली नायलॉनच्या पट्ट्या विणलेल्या लोखंडी खाटेवर. खाट खाली गेली, गादी तिच्यामागून गेली, आणि मधे कंडक्टर. मी गेले तेव्हा ते आतून हाक मारत होते, "वहिनी, हात द्या, वर येतो." बाहेर आल्यावर म्हणाले, "जन्मभर गाडीत हललो, आता घरी पण हलतोय." त्यांना गादी बदलायचीच नव्हती, लेकीची भेट होती ना. मग आम्ही फक्त खाट बदलली. त्याच गादीवर ते नंतर इतके झोपायला लागले की बायकोची तक्रार आली.

किन्हवलीकडची एक नवी सून होती. माहेरहून आलेल्या गादीचं प्लास्टिक तिने वर्षभर काढलं नाही. आमच्या भागात हे फार. माहेरची वस्तू जशीच्या तशी दिसली पाहिजे, म्हणून फ्रिजला झाकण, टीव्हीला झाकण आणि गादीला प्लास्टिक. नवराबायकोपैकी कोणी कूस बदलली की करकर आवाज पलीकडच्या खोलीत सासूबाईंपर्यंत पोचायचा. आतून गादीला बुरशी आली तेव्हा मला बोलावलं. मी कात्री मागितली. प्लास्टिक फाडताना त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सासूबाईंनी माझ्याकडे बघून हात जोडले.

माझ्या परीक्षा दोन. पहिली बसायची. पलंगाच्या काठावर बसलं की पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत. टाचा लोंबकळल्या तर पलंग-गादीची जोडी उंच झाली, गुडघे छातीकडे आले तर बुटकी. दुसरी परीक्षा तळहाताची. माणसाला उताणं झोपवायचं आणि कमरेखालून तळहात सरकवायचा. सहज आरपार गेला तर गादी कडक, गेलाच नाही तर मऊ. थोडा अडत, घट्ट बसून गेला, की समजायचं जमलं. ह्या दोन परीक्षांवर मी आयुष्य काढलं. मला वाटायचं, ह्यापलीकडे पलंगात बघण्यासारखं काही नसतं.

हा माझा तोरा बरकूबाईंनी उतरवला.

डोळखांबच्या पुढे डोंगराला लागून एक पाडा आहे, तिथल्या ह्या. सत्तरी उलटलेली, अंगाने वाळलेली, पण पाठ अशी ताठ की मी पाहून आधी स्वतःचीच पाठ सरळ केली. भाताची झोडणी चालू असताना खळ्यावर पेंढ्यावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. कल्याणला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं की जमिनीवर बसायचं-झोपायचं नाही, पलंगावर सरळ पाय पसरून झोपायचं आणि दिवसा थोडं थोडं चालायचं. झोप आणि चालणं दोन्ही झालं तर पाय कामाला येईल, नाहीतर म्हातारी अंथरूण धरेल.

मुलगा कैलास भिवंडीच्या गोदामात कामाला, रविवारी घरी येणारा. आई दवाखान्यात असतानाच त्याने नवा बॉक्स पलंग आणून टाकला. बॉक्स पलंग म्हणजे खाली पेटी आणि वर फळीचं झाकण, त्यावर गादी. आम्हाला त्याचा फोन आला, "वहिनी, सगळ्यात जाड आणि सगळ्यात मऊ गादी पाठवा. आईनं जन्मभर गोधडीवर काढलं."

मी म्हटलं, "आधी पलंग दाखवा."

गेलो. कैलासच्या समाधानासाठी जाडजूड गादीही टेम्पोत घेतली होती. घरात बरकूबाई आणि सून वैशाली. वैशाली आसनगावची, चाळीत वाढलेली, पण सासूचं सगळं हसत करत होती. ती सासूला आत्या म्हणायची. मी जाड गादी घातली, बरकूबाईंना दोघींनी धरून काठावर बसवलं. त्यांची पावलं हवेत. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय! वरून काठ इतका मऊ की त्या घसरायलाच लागल्या. ऑपरेशन झालेल्या माणसाला काठ ताठ लागतो, त्याला रेटून तर उठायचं असतं.

ती गादी मी परत टेम्पोत टाकली. पलंगाची उंची घेतली, झाकणाच्या फळीवर बोटांनी टकटक केली. आवाज भरीव आला. मी खूश झाले, म्हटलं कैलासने पलंग मजबूत घेतलाय. चार दिवसांनी बेताच्या जाडीची, खाली काथ्या आणि वर फोमचा पातळ थर, अशी गादी बनवून नेली. ती अंथरून मी सवयीप्रमाणे धपकन बसले आणि दोनदा उसळून बघितलं. त्याबरोबर बरकूबाईंनी हात लांब करून गादीला लावला आणि कपाळाला नेला. नव्या वस्तूला नमस्कार करायची आपल्याकडे रीतच आहे, मलाही बरं वाटलं. त्यांना बसवलं, पावलं जमिनीला टेकली. निजवलं, तळहात अडत गेला. दोन्ही परीक्षा पास.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "बाय, पेरनीपत्तूर उभी कर गो मला. पयली मूठ माझी आसते."

वैशालीने मला दारापर्यंत सोडताना समजावलं. त्यांच्या घरात पुढच्या वर्षाचं बी सांभाळणं आणि जूनमध्ये राबात, म्हणजे रोपांसाठी भाजून तयार केलेल्या वाफ्यात, बियाची पहिली मूठ टाकणं, हे दोन्ही मान घरच्या थोरल्या बाईचे. बरकूबाई सून म्हणून आल्या त्यानंतर सासूने त्यांना ते दिले आणि तेव्हापासून एक पेरणी चुकली नव्हती.

"तोवर चालतील ना हो वहिनी?" वैशालीने विचारलं.

"झोपल्या तर चालतील," मी मोठ्या ऐटीत म्हणाले. "आणि ह्या गादीवर न झोपायला काय झालं?"

पंधरवड्याने तिचा फोन आला. "वहिनी, आत्या झोपतच नायत. मी बसलेय तोवर पडून राहतात. माझा डोळा लागला का उठून खुर्चीत जाऊन बसतात. सकाळी बघते तर खुर्चीतच. पाय सुजलाय."

"गादी टोचते का?"

"इचारलं. म्हणतात, गादी झ्याक हाय."

माझ्या नाकाला मिरची झोंबली. गादी झ्याक आहे आणि बाई खुर्चीत! मग मला वाटलं, जन्म कापसाच्या आणि चिंध्यांच्या उबेत गेला, फोमचा वास नकोसा होत असेल. यजमानांनी जुन्या पद्धतीने कापसाची गादी भरली. टाके असे घातले की मी त्यांच्याकडे बघत राहिले. किती वर्षांनी त्यांनी हाताने गादी भरली होती, पण एकही गोळा कुठे लागला नाही. माणसाच्या हातात कला असते आणि धंदा ती विसरायला लावतो, ह्याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं. ती गादी पोचवली. आठवड्याने पुन्हा फोन. आत्या खुर्चीतच.

आता कैलासही तापला. "वहिनी, नीट गादी द्या नायतर दोन्ही उचला." आणि त्यातच तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी सुजलेला पाय दाबून बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आजी रात्री अशाच बसून राहिल्या तर पुढच्या वेळी त्यांना उचलून आणावं लागेल. पाड्यातल्या बायका म्हणायला लागल्या, म्हातारीने हाय खाल्ली. वैशाली फोनवर रडली. तिचं म्हणणं एकच होतं, "माझ्याच करण्यात काय तरी कमी पडतंय."

मी पुन्हा गेले. ह्या वेळी टेम्पोत गादी नव्हती. दुपारची वेळ. बरकूबाई खुर्चीत, सुजलेला पाय स्टुलावर. समोर पलंगावर यजमानांनी भरलेली गादी, सुरकुती नसलेली. खाली जमिनीवर, पलंगाला लागून, वैशालीची घडी केलेली सतरंजी. सासूने रात्री हाक मारली तर ऐकू यावी म्हणून ती तिथे झोपायची.

वैशाली चहा टाकायला आत गेली. मी पलंगावर बसले, नेहमीसारखी धपकन. बरकूबाईंचा हात लांब झाला, पलंगाला लागला, कपाळाकडे गेला.

मी तशीच थांबले. नव्या गादीच्या पाया पडतात, ठीक. पण ही गादी आता जुनी झाली होती. आणि त्यांचा हात गादीला लागलाच नव्हता, गादीखालच्या फळीला लागला होता.

"बरकूबाई," मी म्हणाले, "कोणाच्या पाया पडताय?"

त्यांनी तोंड फिरवलं. मी उठले, गादी एका बाजूने वर केली आणि फळीचं झाकण उचललं. निरगुडीच्या पाल्याचा वास नाकात शिरला. आत गोण्या होत्या. एकीला एक लागून, तोंडं बांधलेली, मधल्या फटींत कीड लागू नये म्हणून निरगुडीचा सुका पाला खोचलेला. पेटी गच्च भरलेली. भरीव आवाज का आला होता ते मला तेव्हा कळलं. रिकाम्या पेटीवर टकटक केलं तर ती पोकळ वाजते, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. मी फळी बघितली, उंची बघितली, काठ बघितला आणि पेटी उघडून आत काय आहे ते तेवढं बघितलं नाही.

"काय आहे हे?"

"बी हाय," त्या हळूच म्हणाल्या. "औंदाचा बी. कनसरी ती." कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. भात नुसतं भात नसतं त्यांच्या लेखी. "तिच्या डोक्यावं निजू कशी गो बाय? पाय पसरू तिच्यावं?"

"मग वैशालीला सांगायचं ना!"

"हळू बोल." त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. "मी दवाखान्यात व्हते तवा कनगीला घुशी लागल्या. घरात मानूस नाय. पोरीनं एकलीनं रात्रीतनं सगळा बी काढला, निवडला, वाळवला. निरगुडी इचारून आनली, तिला ठाव बी नव्हती. आनि घरातली सगल्यात सुकी, सगल्यात चांगली जागा बघून ठेवला. माझ्याच पलंगात, का तं माझ्या नजरेखाली ऱ्हावा. मी घरी आले तं दारातच म्हनाली, आत्या, तुमचा बी वाचला. कशी हसत व्हती गो! आता तिला सांगू, का तू ठेवलास ती जागा वंगाळ?"

"म्हणून रात्र रात्र खुर्चीत बसायचं? पाय जाईल तुमचा."

"जाईल तं जाईल. ती पुन्यांदा बियाला हात लावायला भिली तं? मी काय, आज हाय उद्या नाय. बी तिलाच सांभालायचा हाय."

मी चाळीस घरच्या सासवा बघितल्यात. कुठे काय चुकलं ते सुनेला सांगण्यासाठी ज्या पहाटेपासून वाट बघत असतात, अशाही बघितल्यात. मोडलेला खुबा घेऊन, सुजलेला पाय घेऊन, सुनेचं हसू टिकावं म्हणून खुर्चीत बसणारी ही पहिलीच. आणि मी दोन गाद्या घेऊन तिच्या कमरेखाली तळहात घालत बसले होते.

आतून कपबश्यांचा आवाज आला. मी झाकण तसंच उघडं धरून ठेवलं आणि वैशाली चहा घेऊन दारात आल्या आल्या कडाडले, "अगं, ही पेटी एवढी गच्च भरलीस? मला सांगायचं नाही?"

ती बिचारी ट्रेसकट थबकली. "काय झालं वहिनी?"

"गादीला खालून हवा लागते! पेटी अशी चोंदली की गादी आतून दमट होते. दमट गादीवर ऑपरेशनचं हाड ठणकणार नाही तर काय होईल? कोण झोपेल अशा गादीवर? ही पेटी रिकामी पाहिजे. एक चिंधी ठेवायची नाही आत."

आता हे अगदीच खोटं नव्हतं. बॉक्स पलंग गच्च भरू नये, फळीला भोकं ठेवावीत, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. फक्त कापसाच्या गादीने महिन्याभरात कोणाचं हाड ठणकत नाही. पण वैशालीला ते कुठे ठाऊक होतं? तिने चहा खाली ठेवला. "म्हणजे माझ्यामुळं..."

"तुझ्यामुळं नाही, माझ्यामुळं," मी म्हणाले. "पलंग बघायचं काम माझं. पहिल्या दिवशीच पेटी उघडून बघायला हवी होती. एवढी वर्षं ह्या धंद्यात आहे आणि झाकण उचललं नाही, माझीच अक्कल शेण खायला गेली."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

"पण बी कुठं ठेवू? घुशी हायत."

ओट्यावरून यजमानांचा आवाज आला. बाहेर बसून ते सगळं ऐकत असतात, ऐकू नका म्हणून मी त्यांना कितीदा सांगितलंय. "दुकानात कापूस ठेवायची पत्र्याची कोठी आहे, झाकणाची. रिकामीच पडलीय. उद्या आणून टाकतो. घूस काय, घुशीचा बाप शिरणार नाही."

दुसऱ्या दिवशी कोठी गेली. गोण्या एकेक करून तिच्यात बसल्या. यजमानांनी फळीला गिरमिटाने भोकं पाडली, इमानेइतबारे, सारख्या अंतरावर, कारण हवेचं कारण सांगितलं तर हवा यायलाच हवी. मी पुन्हा ती काथ्या-फोमची बेताची गादी घातली. बरकूबाई खुर्चीतून उठल्या. आधी पेटीत वाकून बघितलं, मग कोपऱ्यातल्या कोठीकडे बघून हात जोडले, आणि काठावर बसल्या. पावलं टेकली. मी तळहात सरकवून बघेपर्यंत त्यांचे डोळे मिटले होते. आम्ही चहा पिऊन कप ठेवतो तोवर त्या घोरायला लागल्या.

वैशाली दाराला टेकून बघत राहिली. "हवेचा एवढा फरक पडतो वहिनी?"

"पडतो," मी म्हटलं.

जूनमध्ये कैलासने फोनवर फोटो पाठवला. पावसाळी आभाळ, काळा राब आणि त्याच्या काठाशी बरकूबाई उभ्या. एका हातात काठी, दुसरा हात पुढे आणि बोटं नुकतीच उघडलेली. पाठ पहिल्यासारखी ताठ. तो फोटो मी यजमानांना दाखवला. ते म्हणाले, "कोठी दिली ते बरं केलं." आम्ही दोघेही डोळे पुसत हसलो.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण भात झोडून झाल्यावर एका दुपारी मी दुकानात बसले असताना समोर जीप थांबली आणि तिच्यातून बरकूबाई उतरल्या. आपल्या पायांनी. मागून वैशाली, तिच्या काखोटीला नव्या तांदळाचं गाठोडं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं आणि बसायच्या आधीच कामाचं बोलायला लागल्या.

"हिला पलंग न् गादी पायजे. माझ्यापायी जमिनीवं निजून निजून पोरीची कंबर गेली."

"आत्या उगाच," वैशाली म्हणाली. "मला काय नको वहिनी."

"तू गप."

नमुन्याचा बॉक्स पलंग दुकानाच्या मधोमध मांडलेला होता, वर गादी. मी वैशालीला म्हटलं, "चपला काढ आणि पड बघू." ती लाजून हसली. तेवढ्यात बरकूबाई पुढे झाल्या. काठी मला धरायला दिली, गादीचा कोपरा दोन्ही हातांनी वर केला, झाकणाची फळी उचलली आणि आत वाकून बघितलं. आत आमच्या गाद्यांच्या खोळी होत्या.

"कापड हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "चालंल." आणि झाकण खाली सोडलं.

वैशालीचं हसू थांबलं. ती त्या झाकणाकडे बघत राहिली, मग सासूकडे, मग माझ्याकडे. मी काठी उगाच ह्या हातातून त्या हातात घेतली.

"वहिनी," ती म्हणाली, "गादीला हवा लागते म्हणाला होता..."

"लागतेच," मी म्हणाले.

"आत्या." तिचा आवाज बारीक झाला. "तुमी बियाच्या... म्हणून तुमी खुर्चीत... एक डाव सांगायचं तरी मला!"

बरकूबाईंनी माझ्या हातातून काठी परत घेतली. "काय सांगायचं? बी घुशींनी नाय खाल्ला, मानसांनी खाल्ला. आख्ख्या घरानं खाल्ला, तुझ्यामुलं. औंदाचा बी काढायचा हाय. तूच काढ न् तूच ठेव."

"पण मी कुठं ठेवू? परत चुकले तर?"

"घर तुझा हाय. ठेवशील ती जागा." आणि मग काठीने गादीकडे दाखवून म्हणाल्या, "आता पड. वैनी खोलंबल्या."

वैशाली पडली. ओढणी तोंडावर ओढून घेतली तिने, आणि ह्या वेळी ते लाजणं नव्हतं. रस्त्यावरचे लोक बघत होते, तिला त्याची शुद्ध नव्हती. मी वाकून तिच्या कमरेखाली तळहात सरकवला. तो थोडा अडला आणि घट्ट बसून पलीकडे गेला.

"हीच," मी बरकूबाईंना सांगितलं. "हिला हीच."